ई-लर्निंग म्हणजे नक्की काय हो?

परवा रात्री दहाला लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘उद्या ई-लर्निंग डे’. कारण नेहमीचंच. पाऊस, त्यात गायमुखला जाम, बस वेळेत पोचणार नाहीत. सकाळी एक पीडीएफ आणि यूट्यूबच्या दोन लिंक आल्या. झाली शाळा!

त्याच दिवशी मीही ऑफिसचं ‘ई-लर्निंग’ उरकलं. म्हणजे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून मोबाईलवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत राहिलो. सर्टिफिकेट आलं. काय शिकलो ते विचारू नका.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत ई-लर्निंग म्हणजे एक खोली. दारावर तशी पाटी, आणि दाराला कुलूप. तरी ताई अभिमानाने सांगतात, "आमच्या पोरीच्या शाळेत पण आहे ई-लर्निंग."

शब्द एक, अर्थ तीन.

पूर्वी शब्द साधे होते, पण कळायचे. १९८४ ला बालचित्रवाणी आली, म्हणजे टीव्हीवरचे शैक्षणिक कार्यक्रम. १९८९ ला नाशिकचं मुक्त विद्यापीठ आलं, म्हणजे नोकरी सांभाळून घरी अभ्यास आणि जवळचं अभ्यासकेंद्र. मग सीडी, स्मार्ट क्लास, २०२० मध्ये ‘ऑनलाइन’, आता ‘हायब्रिड’. दर चार वर्षांनी नवीन नाव, आणि बऱ्याचदा फीच्या पावतीत नवीन ओळ.

गंमत म्हणजे उच्च शिक्षणात याची नीट फोड केलेली आहे. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत ‘मुक्त व दूरस्थ’ वेगळं, ‘ऑनलाइन’ वेगळं. पदवी द्यायची तर नियम पाळावे लागतात. मग सहावीतल्या पोराच्या वाट्यालाच हा मोघमपणा का?

माझा तंत्रज्ञानाला विरोध नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. पण तिथे पडद्याशेजारी संदीप गुंड यांच्यासारखे शिक्षक उभे होते. नुसत्या पडद्याने शाळा होत नाही.

शब्द मोघम राहिला की फायदा देणाऱ्याचा होतो. लिंक पाठवली, की कागदावर ‘शिक्षण सुरू’. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो दिवसभर आईबरोबर कामावर जातो, त्या घरातली मुलगीही या हिशेबात ‘शिकली’ म्हणूनच धरली जाते. खरं तर तिचा तो दिवस बुडालेला असतो, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

म्हणून पुढच्या पालकसभेत तीनच प्रश्न विचारणार आहे. पलीकडे शिक्षक हजर असणार का? मुलाला अडलं तर त्याने विचारायचं कुणाला? आणि फोन, डेटा कुणाचा?

उत्तरं मिळाली तर त्याला ई-लर्निंग म्हणा, डिजिटल म्हणा, काहीही म्हणा. नाही मिळाली तर सरळ ‘उद्या सुट्टी’ असं लिहा. तेवढा प्रामाणिकपणा तरी मुलांना शिकता येईल.

तुमच्या शाळेत याला काय म्हणतात, आणि प्रत्यक्षात काय चालतं? लिहा खाली.