डबा कोणाचा, चावी कोणाची?

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने एका काळ्या चौकोनी डब्याची घोषणा केली. लांबी, रुंदी, उंची सगळी सहा इंचांच्या आसपास. नाव 'स्टीम मशीन'. हॉलमधल्या टीव्हीला तो जोडायचा, हातात कंट्रोलर घ्यायचा आणि सोफ्यावर बसून कॉम्प्युटरचे खेळ खेळायचे. असे डबे सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या कंपन्या कित्येक वर्षे विकत आल्या आहेत. मग या एका डब्याची खेळणाऱ्या मंडळींना इतकी उत्सुकता का लागावी? तीही घोषणेत किंमत सांगितलेली नसताना?

हा विषय पोरासोरांचा आहे, आपल्याला काय करायचे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी ज्या वस्तूचा ध्यास घेते, तिचा जमाखर्च आईवडिलांना कळलाच पाहिजे. 'नको' म्हणायचे असेल तर समजून म्हणावे आणि 'हो' म्हणायचे असेल तरी समजून म्हणावे. आमचा सारा जन्म कारकुनीत, नोंदवह्यांच्या संगतीत गेला. तेव्हा या डब्याचेही खाते उघडून पाहू.

व्हॉल्व्हचे नाव आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अनोळखी असले तरी तिचा एक खेळ आपल्या वस्त्यांतून गेलेला आहे. २००० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत तासावर पैसे मोजून पोरे 'काउंटर-स्ट्राइक' खेळत असत. तो खेळ याच कंपनीचा. त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. गेब नेवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून १९९६ मध्ये व्हॉल्व्ह काढली. १९९८ मध्ये त्यांचा 'हाफ-लाइफ' आला. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये त्याच खेळाच्या पायावर स्वतःचा वेगळा खेळ रचला आणि तो लोकांना फुकट वाटला. कंपनीने त्यांच्यावर खटला भरला नाही. उलट त्यांना सोबत घेतले आणि २००० मध्ये तोच 'काउंटर-स्ट्राइक' दुकानांत विक्रीला आणला. गिऱ्हाइकाला वस्तू उघडून पाहता आली, तिच्यात स्वतःची भर घालता आली, म्हणून हे घडले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

२००३ मध्ये व्हॉल्व्हने 'स्टीम' सुरू केले. स्टीम म्हणजे इंटरनेटवरचे खेळांचे दुकान. आरंभी लोक त्याच्यावर चिडले होते. कारण २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा रोख पैसे देऊन डिस्क घरी आणणाऱ्यालाही स्टीमवर खाते काढल्याशिवाय खेळता येईना. पुढे हेच दुकान कॉम्प्युटरच्या खेळांची सर्वात मोठी बाजारपेठ झाले. येथे विकल्या जाणाऱ्या खेळाच्या रकमेतून साधारण ३० टक्के व्हॉल्व्ह ठेवते. २०१८ पासून फार मोठी विक्री असलेल्या खेळांसाठी हा वाटा २५ आणि २० टक्क्यांपर्यंत उतरतो. कंपनीचा खरा गल्ला येथे आहे.

पण या दुकानाला एक घोर होता. दुकान व्हॉल्व्हचे, पण ते चालते मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर. म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याचा गाळा. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये स्वतःचेच दुकान आणले, तेव्हा नेवेल यांनी विंडोज ८ म्हणजे या धंद्यावरचे संकट आहे, असे जाहीरपणे सांगितले. घरमालकाने तळमजल्यावर तोच माल विकायला काढला, तर भाडेकरूची झोप उडणारच. त्यातून स्वतःची इमारत बांधायचा विचार निघाला. लिनक्स ही कोणाच्याही मालकीची नसलेली, सर्वांना खुली असलेली प्रणाली. तिच्या आधारे 'स्टीम-ओएस' तयार करायचे आणि त्यावर चालणारी यंत्रे विकायची, असे ठरले.

होय, स्टीम मशीन हे नाव २०२५ चे नव्हे. सप्टेंबर २०१३ मध्ये याच नावाची घोषणा झाली होती आणि तेव्हाही लोकांनी अशीच वाट पाहिली होती. जानेवारी २०१४ मध्ये तेरा कंपन्यांची यंत्रे मांडली गेली. त्याच वर्षी माल येणार होता, तो कंट्रोलरपायी अडकला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आला. आणि आपटला. २०१८ मध्ये स्टीमने आपल्या मुख्य दर्शनी यादीतून त्या यंत्रांचे नाव काढून टाकले.

का आपटला? आमच्या मते दोन कारणे ठळक आहेत. पहिले म्हणजे यंत्रे अनेकांची होती, प्रत्येकाची किंमत वेगळी, ताकद वेगळी. गिऱ्हाईक गोंधळले. दुसरे कारण त्याहून मोठे. बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले होते, लिनक्सवर ते चालतच नव्हते. इमारत उभी राहिली, पण तिला नळजोडणी नाही. अशा घरात कोण राहायला जाईल?

येथे आम्हाला व्हॉल्व्हचे एक गोष्टीसाठी कौतुक वाटते. दुसऱ्यांदा डबा विकायला निघण्यापूर्वी तिने नळजोडणी केली. ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' नावाची व्यवस्था आली. विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगणारा हा दुभाषा. तोही शून्यातून निर्माण झाला नाही. १९९३ पासून जगभरचे कार्यकर्ते 'वाइन' नावाचे असेच काम करीत आले होते, त्या पायावर प्रोटॉन उभा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र आले, किंमत ३९९ डॉलरपासून. त्यावर विंडोजचे हजारो खेळ विंडोजशिवाय चालू लागले आणि दुभाषा कामाचा आहे हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. २०२५ ची उत्सुकता या अनुभवातून आली आहे.

आता डब्यात काय आहे ते पाहू. एएमडीचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, चित्रासाठी वेगळी ८ जीबी मेमरी आणि साठवणीसाठी ५१२ जीबी किंवा २ टीबी. स्टीम डेकच्या सहापटीहून अधिक ताकद, असा कंपनीचा दावा. पण आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा डबा म्हणजे पुरता कॉम्प्युटर आहे. त्यावर दुसरे सॉफ्टवेअर घाला, विंडोज घाला, मुलांचा अभ्यास करा, हिशेब लिहा. कंपनीची हरकत नाही. म्हणजेच यंत्राची चावी विकत घेणाऱ्याच्या हाती.

नेहमीच्या कन्सोलचे तसे नसते. ते स्वस्त का मिळतात, हे कॉमर्स शिकलेल्याने तरी विचारलेच पाहिजे. २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणले, तेव्हा ते उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत विकले जात होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. मग हा तोटा भरून कसा निघतो? खेळांच्या विक्रीतल्या वाट्यातून आणि इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी बहुतेक विकतच्या खेळांवर घेतल्या जाणाऱ्या वर्गणीतून. डबा स्वस्त, पण त्याच्या दाराची चावी कंपनीकडे. तुम्ही आत काय आणायचे ते कंपनी ठरवणार.

चावी कंपनीकडे असणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स घालण्याची सोय सोनीने स्वतःच दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर सतराशेहून अधिक प्लेस्टेशन एकत्र जोडून २०१० मध्ये महासंगणक उभा केला. त्या यंत्रांवर एकही खेळ विकला जाणार नव्हता, हे उघड आहे. त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने सुरक्षेचे कारण सांगून एका अपडेटद्वारे ही सोय काढून घेतली. अपडेट घेतले नाही तर ऑनलाइन खेळणे बंद. पैसे देऊन आणलेल्या, घरात ठेवलेल्या वस्तूतली सोय विकणाऱ्याने दूर बसून काढून घेतली! ग्राहकांना पुढे न्यायालयात जावे लागले.

याच गणिताची दुसरी बाजू व्हॉल्व्हच्या डब्याला लागू होते. तो खुला असल्यामुळे तोट्यात विकता येत नाही. उद्या एखाद्या कचेरीने शंभर डबे कॉम्प्युटर म्हणून नेले आणि एकही खेळ घेतला नाही, तर तोटा कोण भरणार? म्हणून कंपनीच्या अभियंत्यांनी घोषणेनंतर लगेच स्पष्ट केले की किंमत तेवढ्याच ताकदीच्या कॉम्प्युटरच्या जवळपास असेल. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप मोठ्या प्रमाणावर उचलल्यामुळे जगात टंचाई झाली. मायक्रॉनसारख्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशियल' हा माल बंद करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२६ मध्ये व्हॉल्व्हलाही सांगावे लागले की किंमत आणि तारीख यांचा फेरविचार करावा लागत आहे. स्वस्ताईच्या आशेवर वाट पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोकळ्या चावीची किंमत आधी मोजावी लागते. बंद डब्याची किंमत नंतर, वर्षानुवर्षे, थोडी थोडी जाते.

इथवर व्हॉल्व्हची बाजू उजळ दिसते. पण खात्याचे दुसरे पानही वाचले पाहिजे. यंत्राची चावी तुमची, खेळांची नव्हे. स्टीमवर आपण खेळ 'विकत घेतो' असे म्हणतो, पण मिळतो तो वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, अशा विक्रीच्या वेळी ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. शिवाय स्टीमच्या अटींनुसार खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. बापाने वीस वर्षे जमवलेली पुस्तके मुलाला मिळतात, भांडीकुंडी मिळतात, जुनी सायकल मिळते. वीस वर्षे जमवलेले खेळ मात्र नियमाप्रमाणे वारसाला मिळत नाहीत. आमच्या मते हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे आणि नव्या डब्याच्या कौतुकात तो झाकला जाऊ नये.

आपल्या घरांचा विचार करायचा तर आणखी तीन गोष्टी सांगायला हव्यात. २०२५ च्या घोषणेत जेथे स्टीम डेक विकला जातो तेच देश या डब्यासाठी नमूद होते आणि त्यांत भारत नव्हता. परदेशातून कोणाकरवी मागवल्यास जकात भरावी लागते आणि बिघडल्यास दाद मागायला जवळ कोणी नाही. दुसरे, सगळे खेळ त्यावर चालतात असे नाही. 'व्हॅलोरंट' हा आपल्याकडच्या तरुणांचा आवडता खेळ. घोषणेच्या वेळी तो आणि 'फोर्टनाइट' लिनक्सवर चालत नव्हते, कारण खेळातली लबाडी पकडणारी त्यांची पहारेकरी यंत्रणा लिनक्सला दारात उभे करीत नाही. मुलाला नेमका तोच खेळ हवा असेल तर हा डबा काय कामाचा?

तिसरी गोष्ट सर्वात उपयोगाची. घरात बरा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल, तर एचडीएमआय वायरने तो टीव्हीला जोडा. स्टीम फुकट मिळते. २०१२ पासून त्यात 'बिग पिक्चर' नावाची सोय आहे, तिच्यामुळे टीव्हीवर दुरून वाचता येईल असे मोठे चित्र दिसते. यंत्र जेवढे पेलेल तेवढे खेळ त्यावर चालतील. २०२४ मध्ये आलेल्या 'स्टीम फॅमिलीज' या सोयीत घरातली सहा माणसे बरेचसे खेळ एकमेकांत वापरू शकतात. मुलाने किती वेळ खेळावे, कोणते खेळ पाहावे, हेही आईवडिलांना ठरवता येते. एका वायरीच्या खर्चात निम्मी हौस भागते.

वाट पाहायला आमचा विरोध नाही. २०१३ ला ज्यांनी घाई केली नाही त्यांचे पैसे वाचले आणि २०२२ पर्यंत थांबले त्यांना चालणारी वस्तू मिळाली. तेव्हा मुलांनी हट्ट केला तर रागावू नका. त्यांना शेजारी बसवा आणि विचारा: यंत्र तुझे, पण त्यातले काय काय तुझे? उत्तर शोधण्यासाठी त्याला अटी वाचाव्या लागतील, किमतींची तुलना करावी लागेल, बेरीज-वजाबाकी करावी लागेल. तेवढे त्याने केले, तर डबा घरात येवो न येवो, पुढच्या आयुष्यात कोणी दुकानदार त्याला सहजासहजी फसवू शकणार नाही.