जाता जाता बोस्निया

गेल्या दोन अंकांत ग्राझची थंडी आणि ऑफिसातल्या गमती लिहिल्या होत्या. ऑस्ट्रियातून लिहिलेलं हे शेवटचं पत्र. पुढचं इन्शाअल्लाह मिरजेतून.

जूनच्या सुरुवातीला इंटर्नशिप संपायला तीन आठवडे उरले होते. रजेचे पाच दिवस शिल्लक होते आणि खात्यात चारशे साठ युरो. अब्बांचं म्हणणं सरळ होतं : पैसे घेऊन ये, भाईजानच्या दुकानाचा हप्ता थकलाय. अम्मीला काळजी वेगळीच. "एकटी पोरगी, अनोळखी मुलूख. घरी ये आता गुपचूप."

मला मात्र बोस्निया बघायचा होता. याचं कारण ग्राझची मशीद. मी जुम्याला जायचे ती मशीद बोस्नियन लोकांची. सहा महिने तिथल्या बायकांनी मला घरच्यासारखं सांभाळलं. पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं होतं, "जेवलीस का?" परदेशात हा प्रश्न ऐकून माझे डोळे भरून आले होते.

ऑस्ट्रिया आणि बोस्नियाचा संबंध जुना आहे. आधी उस्मानी सल्तनतीत असलेला हा प्रदेश 1878 साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात आला आणि 1908 मध्ये साम्राज्यात सामील केला गेला. एकदम एवढे मुसलमान प्रजाजन झाल्यावर 1912 साली व्हिएन्नाने कायदा करून इस्लामला मान्यता दिली. मला हे ग्राझला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. प्रवासाला दोनशे, बाकीचे हप्त्याला. सोबत इंडोनेशियाची मैत्रीण. हॉटेल नाही, मशिदीतल्या खालांच्या बहिणीकडे मुक्काम. आणि रोज मगरिबनंतर फोन. यात अब्बा फसले, कारण जूनमध्ये तिथे मगरिब साडेआठला होते. मिरजेत तेव्हा मध्यरात्र झालेली असते.

रात्रभर बसमध्ये बसून सकाळी सारायेव्होत उतरलो. माझ्याकडे ऑस्ट्रियाचं निवासपत्र होतं, त्यामुळे थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागला नाही. जुन्या बाजाराला बाश्चार्शिया म्हणतात. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची एक गल्लीच आहे. तो ठकठक आवाज ऐकून मला आमच्याकडचा तांबट आळीचा आवाज आठवला. चेवापी नावाचे छोटे कबाब, मऊ रोटी आणि कच्चा कांदा. ग्राझमध्ये सहा महिने पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून जेवले होते. इथे समोर ताट आलं आणि बिस्मिल्ला म्हणून जेवले.

भाषा कळत नव्हती, पण मधूनच ओळखीचे शब्द कानावर पडत. साखरेला शेचेर, साबणाला सापुन, चहाला चाय. दुश्मन आणि बक्षीस तर जसेच्या तसे. तुर्की, फारसीच्या वाटेने ते तिकडेही गेले आणि आपल्याकडेही आले.

बाजारात सगळ्यात जास्त वेळ थांबले ती गाझी हुस्रेव-बेग यांच्या मशिदीजवळ. साधारण 1530 ची ही मशीद. हुस्रेव-बेग इथले सुभेदार होते. त्यांनी मशिदीबरोबर मदरसा, ग्रंथालय, गरिबांसाठी लंगरखाना असं सगळं वक्फ करून ठेवलं. मशिदीला लागून घड्याळाचा मनोरा आहे. आम्ही पोचलो तेव्हा माझ्या मोबाइलची वेळ आणि त्याची वेळ अजिबात जुळेना. मला वाटलं बंद पडलंय. पण ते घड्याळ सूर्यास्ताला बारा वाजवतं. रोजा असो नसो, दिवस तिथे मगरिबला संपतो. सूर्यास्ताची वेळ सरकत राहते, म्हणून एक माणूस अधूनमधून वर चढून काटे सरकवतो. त्याला मुवक्कित म्हणतात. यंत्र लंडनहून आणलेलं आणि वेळ मात्र आपली, याचं मला फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी यजमानखालांकडे. निवृत्त शिक्षिका, चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. आमचं बोलणं मोडक्या जर्मनमध्ये. त्यांनी लांब दांड्याच्या जेझव्यात कॉफी केली, छोट्या वाट्यांत ओतली, सोबत रहात लोकुम. कॉफी घाईने प्यायची नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996, 1425 दिवस हे शहर वेढ्यात होतं. चारी बाजूंच्या डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज. रस्त्यावर जिथे गोळे पडून माणसं मेली, तिथले काही खड्डे नंतर लाल रंगाने भरले आहेत. त्यांना सारायेव्होची गुलाबं म्हणतात. पहिल्या दिवशी अशा एका गुलाबावरून मी न बघता चालत गेले होते. कळल्यावर पाय जड झाला. विमानतळाखालून खणलेला सुमारे आठशे मीटरचा बोगदा हाच बाहेरचा रस्ता होता. धान्य, औषधं, जखमी, सगळं त्यातूनच.

खाला मात्र तोफांबद्दल फार बोलल्या नाहीत. शेजाऱ्यांबद्दल बोलल्या. समोरच्या दारातली सर्ब बाई वेढाभर इथेच राहिली. दोघींनी मिळून एक चूल पेटवली, खुर्च्या आणि पुस्तकं जाळून. खालच्या मजल्यावरचं कुटुंब मात्र गोळीबार सुरू व्हायच्या आदल्या रात्री निघून गेलं. "गेले याचं नाही मला," खाला म्हणाल्या. "वीस वर्षं एकत्र जेवलो. सांगून गेले नाहीत."

युद्ध संपल्यावर तो माणूस घर विकायला आला. खालांनी त्याला वर बोलावलं. मी विचारलं, काय बोललात? म्हणाल्या, "काही नाही. कॉफी दिली. त्याने ती पूर्ण प्यायली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मिरजेत आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर आहे. मी शाळेतून आले की अम्मी घरी नसली तर किल्ली त्यांच्याकडे असायची. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर फिरलेल्या एका मेसेजवरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली. तेव्हापासून आमचा शीरखुर्मा तिकडे जात नाही, त्यांचा फराळ इकडे येत नाही. आमचं दुःख खालांच्या दुःखापुढे काहीच नाही. पण तेवढंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने मोस्तारला. दोन तासांचा रस्ता, डोंगर, बोगदे आणि हिरवीगार नेरेत्वा नदी. पुलांच्या ऑफिसात काम केल्यामुळे मोस्तारचा पूल मला बघायचाच होता. मिमार हैरुद्दीन यांनी 1566 मध्ये बांधलेली एकच दगडी कमान, जवळपास 29 मीटरची. मध्ये एकही खांब नाही. 9 नोव्हेंबर 1993 रोजी क्रोएट तोफांनी ती पाडली. नव्याने बांधताना दगड त्याच जातीचा आणला, लोखंडी आकडे बसवून त्यांत वितळलेलं शिसं ओतलं, जुन्या पद्धतीनेच. जुलै 2004 मध्ये पूल खुला झाला. नदीतून काढलेले जुने दगड पुन्हा बसवण्याजोगे नव्हते, त्यामुळे हा पूल नवाच आहे. गाइड मंडळी ते पटकन बोलून पुढे जातात. मला ते लपवण्यासारखं वाटलं नाही. दगड गुळगुळीत आहे, माझा पाय दोनदा घसरला. पोरं कठड्यावरून नदीत उड्या मारतात. आधी पर्यटकांकडून पैसे गोळा करतात, मग उडी!

स्रेब्रेनित्साला गेलो नाही. जुलै 1995 मध्ये तिथे आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलं मारली गेली. पोतोचारीच्या कब्रस्तानात पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. आमच्याकडे अर्धा दिवस उरला होता. खाला म्हणाल्या, "बसची वेळ बघत तिथे जायचं नसतं. पुन्हा ये." मैत्रीण थोडी नाराज झाली, पण मला ते पटलं.

निघायच्या दिवशी तांबटांच्या गल्लीत गेले. हाताने ठोकलेला जेझवा, चार वाट्या आणि तबक. दोनशेतले शेवटचे पैसे मोजले. एका युरोला जवळपास दोन मार्क, तरी घासाघीस केलीच. मगरिबनंतर घरी फोन लावला.

"अम्मी, दोन सेट घेतलेत."

"दोन कशाला? अब्बांना कळलं तर?"

"एक आपल्याला. एक काकूंना."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला. मग अम्मी म्हणाली, "तांब्याचं आहे ना? मग बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेव. पोचा पडेल."