जिवंत तार, तटस्थ तार

'रेंज' हा शब्द समुद्रपुरात उच्चारला की ऐकणारा खिशातला मोबाइल बाहेर काढतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मात्र हाच शब्द स्वयंपाकघरात नांदतो. वर चार कॉइली, खाली भट्टी, असे ते विजेचे जणू चुलाणच. एका शब्दाने दोन मुलखांत असे दोन वेगळे संसार थाटावेत, यात नवल काही नाही. आपल्या 'शेगडी'नेही तेच केले आहे. कोळशाची शेगडी गेली, तिचे नाव विजेच्या कॉइलीने घेतले, पुढे गॅसनेही घेतले. 'चूल' मात्र आपल्या मातीला चिकटून राहिली. सरकारी भाषेने तिला 'सौरचूल' करून उन्हात नेले तेवढेच.

या लेखाचा विषय ही विजेची शेगडी आणि तिची घरच्या घरी होणारी दुरुस्ती हा आहे. वाङ्मयीन लेखनाला वाहिलेल्या या पानावर असा विषय काहींना उपरा वाटेल. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न आधी भाषेचा आहे, आणि भाषेचे अध्यापन करणाऱ्यांनी तो वायरमनवर सोपवून मोकळे होणे बरे नव्हे.

तालुक्याच्या गावी शिकायला येणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी पोरे पुष्कळदा याच शेगडीवर भात शिजवतात. चिनीमातीची गोल थाळी, तिच्या नागमोडी खाचांत बसवलेली नायक्रोमची उघडी कॉइल, दोन टोकांना दोन स्क्रू, आणि एक वायर. निकेल व क्रोमियम यांच्या या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली घेतले. लालबुंद होऊनही हवेत लवकर जळून न जाणारी तार त्यामुळे मिळाली आणि विजेवर स्वयंपाक करणे परवडू लागले. यंत्र म्हणून शेगडी इतकी उघडी आहे की तिच्यात दडलेले काही नाही. म्हणूनच ती बंद पडली की जो तो हात घालतो.

दोष शोधण्याची रीत ठरलेली आहे, आणि ती बाहेरून आत जाते. प्रथम लाइन आहे का, त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण चालते का, हे पाहायचे. नंतर प्लग काढून हाती घ्यायचा. त्याच्या पिना काळवंडल्या आहेत का, आतले स्क्रू ढिले आहेत का, जळका वास येतो का? दोन हजार वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावली तर आधी सॉकेट वितळते, आणि दोष मात्र शेगडीच्या माथी येतो. पुढे वायर. ती बहुधा दोन्ही टोकांपाशी, वाकून वाकून, आतल्या आत तुटते. मग कॉइलीच्या टोकांचे स्क्रू. आणि सर्वांत शेवटी कॉइल. मल्टिमीटर असेल तर, प्लग काढलेला असताना, या शेगडीचा रोध सुमारे २६ ओहम भरायला हवा. काटा हललाच नाही तर कुठेतरी तुटले आहे. अर्थिंगची पिन आणि उरलेल्या दोहोंपैकी एखादी पिन यांच्यात मीटरने वाट दाखवली, तर वीज शेगडीच्या अंगात उतरते आहे; तेव्हा ती शेगडी पुन्हा लावायची नाही.

अमेरिकेतल्या रेंजची गोष्ट थोडी निराळी, पण अभ्यासकाला ती अधिक रंजक वाटेल. तिथे एखादी कॉइल तापेनाशी झाली तर वीज बंद करून ती उपसतात आणि त्याच मापाच्या दुसऱ्या जागी बसवून पाहतात. तिथे तापली, तर दोष कॉइलीत नाही. पहिल्या जागेच्या खोबणीत किंवा स्विचात आहे. दोन हस्तलिखिते समोरासमोर ठेवून पाठ ठरवणाऱ्या संपादकाला ही रीत परकी वाटणार नाही. त्या रेंजला २४० व्होल्टचा पुरवठा १२० व्होल्टच्या दोन तारांतून होतो, आणि त्यांतली एक तुटली तर भट्टी थंड पडूनही घड्याळ आणि दिवा चालू राहू शकतात. दिवा लागतो म्हणजे वीज आहे, हे आपले रोजचे अनुमान तिथे फसते. आणखी एक गंमत. तिथला नेहमीच्या बनावटीचा स्विच 'मंद' या खुणेवर आणला तरी कॉइल मंद होत नाही. ती पूर्ण पेटते, विझते, पुन्हा पूर्ण पेटते. आपल्या पाकपुस्तकांतली 'मंद आच' तिथे वेळेच्या तुकड्यांत वाटून मिळते.

आता भाषेकडे येऊ. दुरुस्तीच्या टपरीवर कानी पडणारी मराठी अशी असते: कॉइल उडाली, लूज आहे, शॉर्ट झाली, न्यूट्रल येत नाही, बॉडीत करंट येतो. पेचकस, पक्कड, टेस्टर. निम्मे शब्द इंग्रजी, काही हिंदीच्या वाटेने आलेले, क्रियापदे मात्र अस्सल आपली. ही भाषा अचूक आहे. 'उडाली' आणि 'शॉर्ट झाली' यांत तिथला पोरगा कधी गल्लत करत नाही. कारण पहिल्यात वाट तुटलेली असते, दुसऱ्यात नको तिथे वाट झालेली असते.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा निराळी. तिथे फ्यूजला 'वितळतार' म्हणतात, अर्थिंगच्या तारेला 'भूसंपर्क तार', न्यूट्रलला 'तटस्थ तार'. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला आणि त्याची 'बदनाम कोश' अशी टवाळीही झाली. त्या टवाळीत सामील होण्याची आमची इच्छा नाही. 'वितळतार' हा शब्द आम्हांस उत्तम वाटतो. ती काय आहे आणि काय करते, दोन्ही तो एका दमात सांगतो. 'फ्यूज' हे सांगत नाही. 'भूसंपर्क'ही समजतो, तोंडात बसत नाही इतकेच.

पण 'तटस्थ' पाहा. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, प्रवाहात न शिरलेला. समीक्षेच्या तासाला हा शब्द आपण याच अर्थाने हजारदा वापरतो: तटस्थ निवेदक, तटस्थ दृष्टी. आणि शेगडीच्या बाबतीत मात्र, जेवढा प्रवाह एका तारेने आत येतो तेवढाच्या तेवढा या 'तटस्थ' तारेने परत जातो. जी तार संपूर्ण प्रवाह वाहून नेते तिला आपण काठावर उभी केली आहे! एवढ्यावर भागले असते तर हा शब्दच्छल म्हणून सोडून देता आला असता. पण शेगडी चालू असताना ती तार बोर्डाच्या बाजूला कुठे तुटली, तर शेगडी थंड पडते आणि तुटल्या जागेपर्यंतची ती 'तटस्थ' तार कॉइलीमार्गे पूर्ण दाबाने भारलेली राहते. टेस्टर लावला तर दोन्ही टोकांशी दिवा लागतो. शेगडी विझलेली, तार नावाने तटस्थ. अशा वेळी तिला हात लावणाऱ्या मुलाने पुस्तकावर विश्वास ठेवलेला असतो. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तुटला की एकेका घराचा दाब भलताच चढतो आणि उपकरणे जळतात, हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. 'न्यूट्रल गेला' हे तो आपत्तीच्या सुरात म्हणतो. 'तटस्थ'ला तो सूर नाही.

'तटस्थ' हे इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर आहे, दोष मुळातच आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण इंग्रजी शब्द आपल्याकडे केवळ नाव म्हणून येतो. 'न्यूट्रल' म्हणताना कोणी अर्थ फोडून पाहत नाही. संस्कृत तत्सम शब्द मराठी माणूस फोडून पाहतो, तशी त्याला आपणच सवय लावली आहे. पारदर्शक शब्दाने खोटे सांगितले तर अपारदर्शक शब्दाहून अधिक नुकसान होते.

'जिवंत तार' तर वर्तमानपत्रांनी रूढच करून टाकली. 'जिवंत तारेच्या स्पर्शाने शेतमजुराचा मृत्यू' अशा अर्थाचा मथळा विदर्भातल्या वाचकाला पावसाळ्यात नवा नसतो. बातमी लिहिणाऱ्याला त्यातला विरोधाभास जाणवत नाही, आणि वाचणाऱ्यालाही आता जाणवत नाही. आमच्यापैकी एकाला हा शब्दप्रयोग समर्थ वाटतो, कारण तो धोका बोलून दाखवतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की तो उरलेल्या तारांना मृत ठरवतो, आणि मृत मानलेल्या तारेला माणूस बिनदिक्कत हात लावतो. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

दुरुस्तीला आम्ही काव्य मानत नाही. जुगाडाचे कौतुक करणारे लेखन अलीकडे बरेच होते; ते वाचून आम्हांस अस्वस्थ वाटते. कॉइल तुटली की दोन टोके ओढून पीळ देऊन जोडणे हा घरोघरी चालणारा उपाय. त्यात कॉइलीचा दहावा भाग वाया गेला तर रोध तेवढा घटतो, आणि दोन हजार वॉटची शेगडी सुमारे २,२२० वॉट ओढू लागते. म्हणजे जोडलेली शेगडी नव्याहून जास्त तापते. 'पहिल्यापेक्षा चांगली चालते' असे तिच्याविषयी म्हटले जाते ते खोटे नसते. मात्र पिळाच्या जागी जोड पक्का नसल्याने तिथेच जास्त उष्णता साठते, तार तिथेच पुन्हा तुटते, पुन्हा आखूड होते. डाग देऊन भागत नाही. डागाचा कथील-शिशाचा धातू २०० अंशांच्या आसपासच वितळतो, आणि लाल झालेली कॉइल त्याच्या कितीतरी पुढे असते. कॉइल बदलावी, जोडू नये. हे एवढे वाक्य मराठीत कुठे छापलेले मिळते? दुरुस्तीचा हक्क मान्य व्हावा म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. ठीकच झाले. पण आमच्या पाहण्यातल्या शेगड्यांच्या खोक्यांत एक तर कागदच नसतो, किंवा असला तर मराठी नसतो. आपल्या भाषेतली माहितीपत्रिका नसेल तर तो हक्क कोणाच्या हाती पडणार?

मराठीच्या अभ्यासक्रमात 'उपयोजित मराठी' आली त्याला बराच काळ झाला. तिच्यात जाहिरात, बातमी, मुलाखत, संहितालेखन. सूचनालेखन आले तरी सभेची सूचना. ज्या जिल्ह्यात १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला गेला, ज्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने तेलघाणीपासून धूर बाहेर नेणाऱ्या 'मगन चुली'पर्यंत रोजच्या वापराच्या साधनांवर डोके चालवले आणि जिथले मगन संग्रहालय १९३८ च्या अखेरीपासून उभे आहे, त्या जिल्ह्यातल्या आमच्यासारख्यांच्या मराठी विभागांत वस्तूला हात लावणारे वाक्य लिहायला शिकवले जात नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' (१९१५) आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून नेमतो. त्यातल्या कारू-नारूंच्या कामाचे शब्द विद्यार्थ्यांकडून लिहून घेत नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मधील कौतिकवर आपण प्रश्न विचारतो, तेही तिच्या सोसण्यावर. ती संसार कोणत्या कामावर ओढते त्यावर क्वचित. हातोडा मोडेपर्यंत तो दिसतच नाही, असे हायडेगरने १९२७ साली लिहिले, ते मात्र परिषदांतून आवडीने सांगितले जाते.

आमची सूचना साधी आहे. उपयोजित मराठीच्या प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा एक प्रश्न असावा: घरातले एक उपकरण निवडा, त्यातला एक दोष कसा शोधावा हे ज्याला काहीच येत नाही अशा वाचकासाठी लिहा. तपासताना शब्द इंग्रजी की संस्कृत हे पाहू नये. 'कॉइल'ला कॉइलच म्हणावे, 'वितळतार' सुचली तर तीही चालावी. पाहायचे ते असे की वाक्य ज्या क्रमाने वाचले जाते त्या क्रमाने हात हलवला तर वाचणारा सुखरूप राहतो का.

हे दिसते तितके सोपे नाही. 'शेगडी उलटी करण्यापूर्वी प्लग काढावा' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण मराठीत 'पूर्वी'चा भाग आधी येतो, म्हणून डोळ्यांना पहिल्यांदा भेटते ते 'शेगडी उलटी करणे', आणि घाईतल्या माणसाचा हात तिथेच सुटतो. 'प्लग काढा. तो हातात धरून दुसऱ्याला दाखवा. मग शेगडी उलटी करा.' यात वाङ्मय काही नाही. 'काढण्यात यावा' असे लिहिले की कोणी काढायचा तेही नाहीसे होते. आणि 'विद्युतपुरवठा खंडित असल्याची खात्री करून घ्यावी' असे लिहिणारा विद्यार्थी आपल्याकडून पैकीच्या पैकी गुण घेऊन जातो. स्विच बंद केला म्हणजे पुरवठा खंडित झाला, असेच त्याला वाटत असते. जुन्या घरांत स्विच कित्येकदा न्यूट्रलवर बसवलेला असतो, आणि स्विच बंद असतानाही कॉइलीत लाइन असते.