क्राइम मालिकांतील बालपीडितांच्या चित्रणाबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग,
मुंबई

विषय : ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांत बालपीडितांची प्रकरणे ज्या रीतीने मांडली जातात, त्यातून पॉक्सो कायद्याविषयी पसरणारे गैरसमज व त्यावर करावयाची कार्यवाही

महोदय/महोदया,

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो, याच्या कलम ४३ कडे आम्ही प्रथम आपले लक्ष वेधू इच्छितो. या कायद्यात काय आहे हे सर्वसामान्य जनतेला, मुलांना आणि पालकांना कळावे म्हणून सरकारने त्याला दूरचित्रवाणी, आकाशवाणी आणि छापील माध्यमांतून वेळोवेळी व्यापक प्रसिद्धी द्यावी, असे हे कलम सांगते. पुढच्याच कलमाने कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय आयोगाबरोबर राज्य आयोगांकडे, म्हणजे आपल्याकडे, सोपवले आहे. सरकारी जाहिरात कधीतरी सणासुदीला दिसावी तशी दिसते. रोज दिसतात त्या क्राइम मालिका. ‘क्राइम पेट्रोल’ २००३ मध्ये सुरू झाली, ‘सावधान इंडिया’ २०१२ मध्ये, म्हणजे पॉक्सो ज्या वर्षी आला त्याच वर्षी. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या कुटुंबाला, आपल्या मुलावर असा प्रसंग ओढवला तर पुढे काय होते, हे बहुधा याच मालिकांतून कळलेले असते. ते चुकीचे कळलेले असते, आणि त्याची किंमत मुले मोजतात, एवढेच आमचे म्हणणे आहे. या निवेदनातील बाकी सर्व त्याचा खुलासा आहे.

या मालिका प्रेक्षकाला रडवतात, याबद्दल आमची तक्रार नाही. लहान मुलावरचा अत्याचार पाहून ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही, त्याच्यासाठी कोणी मालिका काढू नये. प्रश्न हा आहे की ही कालवाकालव कोणाभोवती उभी केली जाते. नेहमीचा एक प्रसंग घ्या. इस्पितळातली खाट, मुलीच्या हाताला सलाइन, खाटेभोवती आई, आजी, शेजारी, दोन-तीन हवालदार. खाकी वर्दीतला निरीक्षक खाली वाकतो, आवाज मऊ करून विचारतो, ‘बेटा, कोण होता तो?’ मुलगी तोंड फिरवते. पार्श्वसंगीत चढते. आई हंबरडा फोडते, आणि कॅमेरा मुलीला सोडून निरीक्षकाच्या ओल्या डोळ्यांवर आणि आवळलेल्या मुठीवर स्थिरावतो. पुढच्या दृश्यात संशयिताच्या कानाखाली बसते. थोड्या वेळाने त्याला खाटेसमोर आणून उभे केले जाते आणि मुलगी थरथरत बोट दाखवते. त्या बोटानंतर मुलगी कथेतून गायब होते, कारण तिचे काम संपलेले असते. निरीक्षकाला चिडण्यासाठी आणि आपल्याला डोळे पुसण्यासाठी एक निमित्त हवे होते, ते तिने पुरवले.

याच प्रसंगावर आता कायदा ठेवून पाहू. कलम २४ सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी, तो नेहमी राहतो तिथे किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात असता कामा नये. मूल आरोपीच्या संपर्कात येणार नाही याची काळजी त्याच कलमाने पोलिसांवर टाकली आहे, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही असेही बजावले आहे. कलम २६ प्रमाणे जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असते. गल्लीतली गर्दी नव्हे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, हे कलम २७. न्यायालयात मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचे नाही, आक्रमक प्रश्न विचारू द्यायचे नाहीत, साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेसमोर ठेवायचा नाही आणि सुनावणी बंद दाराआड घ्यायची, हे पुढची कलमे सांगतात. म्हणजे पडद्यावर हृदय पिळवटून टाकणारे म्हणून जे दाखवले जाते, त्यातले जवळजवळ प्रत्येक वळण म्हणजे कायद्याचा भंग आहे. तो भंग नायक करतो, म्हणून तो भंग वाटत नाही. हे पाहिलेली आई उद्या तक्रार द्यायला का जाईल? आपल्या लेकीला वर्दीच्या गराड्यात उभे करतील, त्या माणसासमोर पुन्हा नेतील, सगळ्या आळीला कळेल, अशीच तिची समजूत असणार. नेमक्या त्या भीतीतून तिची सुटका करायला कायदा केला, आणि ती भीती या मालिका दर आठवड्याला ताजी करतात.

गुन्हेगार कोण, याचे चित्रही वाकडेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार पॉक्सोच्या कलम ४ व ६ खालच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतली १२,४४७ मुले होती. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि बहुतेकांनी तो तोवर कोणालाही सांगितला नव्हता. मालिकांत काका-मामा, शिकवणीचे सर कधीच येत नाहीत असे नाही. पण येतात ते शेवटच्या पाच मिनिटांत, धक्का म्हणून. तोवर संशय फिरतो तो परप्रांतीय मजुरावर, रखवालदारावर, निर्जन रस्त्यावरच्या गाडीवर. पालक अंगणाचे फाटक लावायला शिकतात, आणि धोका बहुतेक वेळा फाटकाच्या आत असतो. जी गोष्ट दहातल्या नऊ वेळा घडते तिला ‘अनपेक्षित वळण’ म्हणून विकणे ही आमच्या मते मालिकालेखनातली सर्वांत मोठी लबाडी आहे.

शेवटाबद्दल थोडे अधिक बोलावे लागेल. कबुलीजबाब, बेड्या आणि निवेदकाचे दोन गंभीर शब्द, इथे भाग संपतो. प्रत्यक्षात कुटुंबाची खरी परीक्षा तिथून सुरू होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले बाललैंगिक अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती गुन्हेगार सापडत नव्हता म्हणून नव्हे. गुन्हा नोंदवण्यात झालेली दिरंगाई आणि शाळेचे मौन हे प्रश्न न्यायालयासमोर होते. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि शाळेच्या विश्वस्तांवर त्याच कारणाने गुन्हा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. त्या चकमकीच्या चौकशा व वाद हा या निवेदनाचा विषय नाही. पण आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, आणि काय घडले, कोणाला ठाऊक होते, हे साक्षीपुराव्याने न्यायालयात सिद्ध होण्याचा मुख्य रस्ता बंद होतो, हे त्या फलकांसमोर उभे राहून कोणी म्हटले नाही. वर्षानुवर्षे कानाखालची चपराक म्हणजेच न्याय असे पाहत आलेल्या प्रेक्षकाला दुसरे काही सुचणे अवघड होते. मालिकांमुळे चकमक झाली असे आम्ही म्हणत नाही. तिच्या जल्लोषाची भाषा मात्र पडद्यावर आधीच घोटून घेतलेली होती.

यावर वाहिन्यांचे ठरलेले उत्तर असते की आम्ही नावे बदलतो, सुरुवातीला तशी पाटी लावतो. कायद्याला एवढे पुरत नाही. पॉक्सोचे कलम २३ नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायला मनाई करते. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ हीच मनाई करते. निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दूरान्वयानेही ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करता येणार नाही, पीडित हयात नसली तरी. मालिकेत नाव बदलते. पण तालुक्याचे ठिकाण, बापाचा धंदा, सणाचा दिवस, विहीर की उसाचे शेत, हे सगळे तसेच राहते, कारण त्यातच ‘सत्य घटना’ या शिक्क्याचा भाव आहे. गावाला ओळखायला नाव लागत नाही. हे भाग वाहिन्यांच्या यूट्यूब पानांवर वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि ती मुलगी पुढे कॉलेजात जाते तेव्हाही ते तिथेच असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सरकारी संस्थांनी कथालेखनात हात घालू नये. तो आम्हाला मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही बंदी मागत नाही, प्रक्षेपणपूर्व परवानगीही मागत नाही. ज्याला कल्पित कथा लिहायची आहे त्याने हवा तो निरीक्षक रंगवावा. पण जो ‘सत्य घटना’ म्हणतो, शेवटी हात जोडून प्रेक्षकाला सतर्क राहायला सांगतो, तो स्वतःहून शिक्षकाच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याने धडा बरोबर शिकवावा, एवढी अपेक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येत नाही. खरी कार्यपद्धती रटाळ असते, तिच्यात नाट्य नाही, असेही म्हटले जाते. साध्या साडीत येऊन जमिनीवर बसलेली महिला उपनिरीक्षक, तीन भेटी होऊन चौथ्या भेटीत पहिले वाक्य बोलणारे मूल, तक्रार मागे घ्या म्हणून दारात बसलेले सख्खे दीर: यात ज्याला नाट्य दिसत नाही, त्याने लेखणी खाली ठेवावी. ‘सत्यमेव जयते’ने १३ मे २०१२ रोजी याच विषयावर पूर्ण भाग केला होता. तो रविवारी सकाळी, दूरदर्शनवरही, घरातल्या लहानांसह पाहिला गेला. त्यात प्रौढ झालेले पीडित स्वतः बोलले आणि मुलांना सुरक्षित-असुरक्षित स्पर्श समजावला गेला. तो क्राइम शो नव्हता हे खरे, पण लोक असले काही पाहत नाहीत हा दावा त्या भागानंतर टिकत नाही.

पडद्यावरच्या बालकलाकाराविषयीही एक मुद्दा आहे. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे ठेवावा लागतो. तासांचा हिशेब झाला. अत्याचाराच्या प्रसंगात सात-आठ वर्षांच्या मुलीकडून किंचाळण्याचे किती टेक घेतले, याचा हिशेब कोण ठेवतो?

म्हणून आमची आयोगाकडे मुख्य मागणी ही, की बाल हक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ ने दिलेल्या चौकशीच्या अधिकारांचा वापर करून या मालिकांच्या वाहिन्या, निर्माते आणि लेखक यांना सुनावणीस बोलवावे. यांतल्या अनेक मालिका मुंबईत आणि आसपास तयार होतात, तेव्हा हे आपल्या आवाक्यातले आहे. बालपीडित असलेल्या प्रत्येक भागाची संहिता पॉक्सो प्रकरणांत सहायक व्यक्ती किंवा वकील म्हणून काम केलेल्या जाणकाराकडून वाहिनीने स्वतःच तपासून घ्यावी, असा लेखी संकेत त्या सुनावणीतून निघावा. तपासणीत ओळख पटवणारे तपशीलही यावेत. भागाच्या शेवटी गुळगुळीत उपदेशाऐवजी १०९८ हा क्रमांक, कलम १९ ची जबाबदारी, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून असलेल्या मनोधैर्य योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते ही माहिती दाखवावी. केबल दूरचित्रवाणी नियमांतील नियम ६ प्रमाणे मुलांना अयोग्य कार्यक्रम मुले पाहतात त्या वेळी दाखवता येत नाहीत, आणि वाहिन्यांच्या स्वनियमनात प्रौढांसाठीच्या आशयाला रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ आहे. तरी असे जुने भाग भरदुपारी पुन्हा लागतात, याकडे माहिती व प्रसारण मंत्रालय आणि वाहिन्यांच्या तक्रार परिषदेचे लक्ष आयोगाने शिफारशीद्वारे वेधावे. बालकलाकारांना परवानगी देताना प्रसंगाचे स्वरूप आणि सेटवर समुपदेशक आहे की नाही हे पाहावे, असे मुंबई उपनगर, ठाणे व पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.

या निवेदनावर सुनावणीची तारीख निश्चित करून आम्हाला लेखी कळवावे आणि सुनावणीत आमचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
खाली सही करणारे पालक व नागरिक