नऊच जमलो

माझं लहानपण अलिबागचं. इस्रायल आळीतले एक काका शनिवारी सिनेगॉगमधून परतताना आमच्या ओटीवर टेकायचे आणि वडिलांना म्हणायचे, "आज नऊच जमलो हो, अण्णा." सामूहिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, नऊ असले की काही प्रार्थना होतच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. आम्हा पोरांना माहिती एवढीच, की हे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', आणि त्यांच्याकडे मलिदा झाला की आपल्याकडे खोबरं घातलेले गोड पोहे येतात!

हे आठवायचं कारण म्हणजे परवा कामासाठी कुलाब्याला गेलो होतो, तेव्हा नरिमन हाऊसवरून गेलो. पेपरवाले 'छाबाद हाऊस' लिहायचे ते हेच. खरा उच्चार खबाद. ही ज्यूंमधली हसिदी चळवळ, मुख्यालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. १९५१ साली तिची सूत्रं हाती घेतलेल्या रब्बी श्नीअरसन यांनी तरुण जोडपी देशोदेशी धाडली. आपल्याला मिशन म्हटलं की धर्मांतर आठवतं. यांना परधर्मीय नकोच असतात. ज्यू असून धर्मापासून लांब गेलेला माणूस हवा असतो. त्यालाही सांगणं इतकंच, की शुक्रवारी संध्याकाळी जेवायला ये. जोडपं बहुधा जन्मभरासाठी जातं, पैसेही तिथल्या तिथे उभे करतं. रब्बी १९९४ मध्ये वारले, गादीवर कुणी बसलं नाही, तरी पसारा वाढतोच आहे.

कुलाब्यात ही पंगत गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग मांडायचे. सैन्यातली नोकरी संपवून भटकायला निघालेली इस्रायली पोरं तिथे यायची. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी त्या घरात शिरले. दोघंही मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढलं. २०१४ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झालं, पण बंदोबस्तात. ज्या घराचं सगळं काम उघड्या दारावर चालायचं, तिथे पहारा बघून कसंसंच झालं.

तरीही मनात एक शंका आहेच. अशा केंद्रात येणारा पाहुणा असतो. त्याला जेवण मिळतं, माया मिळते, पण तो आला नाही तर काही अडत नाही. काकांच्या सिनेगॉगमध्ये अडायचं. बेने इस्रायलींनी कोकणात पिढ्यान् पिढ्या रब्बीवाचून धर्म टिकवला, तो या अडण्यामुळेच, असं मला वाटतं. अर्थात परक्या गावात उतरलेल्या पोराला कुणीतरी आधी जेवायला बोलवायलाच हवं, हेही खरं. फक्त किती पानं उठली यापेक्षा, त्यातले किती जण पुढे कुठेतरी दहावे म्हणून उभे राहिले, हे मोजावं.

असो. काका नंतर मुलाकडे अश्दोदला गेले. वडिलांनी एकदा फोनवर विचारलं, "काय, तिकडे दहा जमतात का?"

"शंभर जमतात हो अण्णा," काका म्हणाले. "मी गेलो नाही तरी चालतं."