शिबिरात बाहुली मोठी करून बघता का?

निवडणूक जवळ आली की चौकाचौकात मोफत मोतीबिंदू शिबिराचे फ्लेक्स लागतात. टिंगल करत नाहीये हां. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना या शिबिरांमुळेच पुन्हा दिसायला लागलंय. पण भरवणाऱ्यांना एकच विचारायचंय: तपासताना थेंब घालून बाहुली मोठी करून बघता का? डोळ्याचं प्रेशर मोजता का?

आमच्या आत्याचं सांगतो. शिबिरात टॉर्च मारला, 'पिकलाय' म्हणाले, तारीख दिली. ऑपरेशनच्या टेबलावर बाहुली पुरती उघडेचना, भिंग धरून ठेवणारे बारीक धागे सुटले आणि साधं ऑपरेशन लांबतच गेलं. दुसऱ्या डोळ्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब घालून स्लिट लॅम्पवर बघितलं तेव्हा नाव कळलं. स्यूडोएक्सफोलिएशन.

नाव जड आहे, प्रकार समजायला सोपा. उतारवयात काहींच्या डोळ्यात कोंड्यासारखा पांढरा चुरा तयार होतो आणि भिंगावर, बाहुलीच्या कडेला बसतो. फिनलंडच्या लिंडबर्ग यांनी १९१७ मध्येच याचं वर्णन केलंय, म्हणजे काल-परवाचा शोध नव्हे. धागे कमजोर होतात, बाहुली पसरत नाही. आणि खरी भीती पुढे आहे. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ती जाळी तुंबते, प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. घरचे मात्र म्हणत बसतात, 'ऑपरेशन करूनही दिसत नाही, डॉक्टरनं बिघडवलं.'

भिंगावरचा चुऱ्याचा पट्टा बऱ्याचदा बाहुलीच्या आड लपलेला असतो. थेंब घातल्याशिवाय तो दिसणार कसा? कधी एकाच डोळ्यात सापडतो, म्हणून दोन्ही बघावे लागतात. थेंबाला अर्धा तास जातो आणि बाहेर दोनशे माणसांची रांग असते, हे मान्य. पण आधी कळलं तर डॉक्टर तयारीने बसतात. बाहुली ताणून धरायचे हुक, भिंगाच्या पिशवीला आधार देणारी रिंग हाताशी ठेवतात, आणि केस नवख्याकडे जात नाही. कळलंच नाही तर सगळं ऐनवेळी.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असंही नाही. चुरा तयार व्हायचा थांबत नाही, त्यामुळे प्रेशर पुढेही तपासत राहावं लागतं. बसवलेलं भिंगसुद्धा काही वर्षांनी सरकू शकतं. आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नव्हतं. काळा चष्मा, नेत्याच्या फोटोची पिशवी, बस्स.

पुढच्या रविवारी आपल्या वॉर्डातही शिबिर आहे. आई-वडिलांना नेणार असाल तर थेंब आणि प्रेशरचं तिथेच विचारा, आणि सापडलं तर कार्डावर लिहून मागा. मीही जाणार आहे. स्लिट लॅम्प आणलाय की नुसता टॉर्च, ते बघून संध्याकाळी इथेच लिहितो.