गाडीचा पिकअप गेला तर आधी जाळी उघडा, मग इथेनॉलला शिव्या घाला. आणि मग पंपावर पर्यायही मागा.

मागच्या महिन्यात रात्री कुंभार पिंपळगावहून जांबला येत होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. समोर रस्ता मोकळा दिसला म्हणून गिअर खाली घेतला आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबला. इंजिन नुसतं घोंघावलं, गाडीनं उचलच घेतली नाही. दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला असतानाच समोरून टेम्पोचे लाईट आले. ब्रेक दाबून कसाबसा परत मागं आलो. घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते.

गाडी माझी 2002 ची पालिओ, 1.6 ची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, जाहिरातीत सचिन तेंडुलकर, आणि पोटात 100 हॉर्सपॉवरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. त्या काळी आपल्यासारख्याला परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. जुनी घेतली, जपून वापरली. ती अशी मेल्यागत चालायला लागली, तर वाईट वाटणारच.

गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: "इथेनॉल हो, दुसरं काय!" पहिल्या मिस्तरीनं प्लग आणि कॉइल बदलली, चार हजार गेले, फरक शून्य. दुसऱ्यानं टाकीत ओतायची बाटली दिली, "साहेब, रॉकेटसारखी पळंल." गाडी पळाली नाही, पैसे तेवढे पळाले. तिसरा म्हातारा मिस्तरी काहीच बोलला नाही. त्यानं पेट्रोलच्या लाईनला प्रेशर मीटर लावलं. प्रेशर पाहिजे त्याच्या निम्म्याच्या आसपास. टाकीतला पंप बाहेर काढला तर खालची जाळी तपकिरी गाळानं बुजलेली. वीस-बावीस वर्षांचा गंज आणि घाण. रबरी पाइप दाबला तर मऊ पडलेला. जाळी, फिल्टर, पाइप बदलले, टाकी धुतली. आता तीच गाडी तिसऱ्या गिअरात पाठ सीटला चिकटवते.

मग दोष इथेनॉलचा होता का? खरं सांगायचं तर अर्धा-मुर्धा. गंज माझ्या टाकीतला, निष्काळजीपणा माझा. पण इथेनॉल जुन्या टाकीत साचलेला थर सोडवतं, पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला मानवत नाही, हेही तितकंच खरं. माझ्या गाडीत कुणाचा वाटा किती, हे मी छातीठोक सांगणार नाही.

पण हिशोब सांगतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागं सहा-सात टक्के तूट. नीती आयोगाच्या जून 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी मायलेजची हीच 6 ते 7 टक्क्यांची घट लिहिलेली आहे. सहा टक्क्यांनी गाडी मरत नाही. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी तर थोडं जास्त पेट्रोल ओतून ताकद भरून काढते, फटका बसतो तो खिशाला. म्हणून "ई-20 नं पिकअप निम्मा झाला" असं जो म्हणतो, त्याच्या गाडीत दुसरं काहीतरी बिघडलंय. त्यानं ते शोधावं.

खरी अडचण कार्बोरेटरवाल्यांची. 2020 च्या आधीच्या आपल्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरच्या. त्यातलं जेटचं भोक ठरलेलं, पेट्रोल बदललं म्हणून ते मोठं होत नाही. मिश्रण पातळ होतं, सकाळी चोक ओढावा लागतो, चढावर गाडी गचके खाते. ही गाडी कुणाची? दूधवाल्याची, आशाताईंची, रानात जाणाऱ्याची.

आता सरकारचं ऐका. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला, की ई-20 साठी ट्यून केलेल्या गाड्यांना चांगलं ॲक्सिलरेशन मिळतं. कारण काय, तर इथेनॉलचा ऑक्टेन जास्त. बरोबर आहे! पण सगळी गोम त्या "ट्यून केलेल्या" शब्दांत आहे. जास्त ऑक्टेनचा फायदा ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि टायमिंग त्या हिशोबानं बांधलंय त्यालाच. माझी 2002 ची गाडी कुणी ट्यून केली? तुमची 2012 ची स्प्लेंडर कुणी केली? ई-20 ला मानवणाऱ्या गाड्या कंपन्यांनी बनवायला घेतल्या एप्रिल 2023 पासून. त्याच खुलाशात जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, तो खर्च किरकोळ आहे, असंही आहे. किरकोळ कुणाला?

कुणी म्हणेल, पत्रकार, भंगारात घाल ना ती गाडी. घालतो की! मग सरकारनं जुनी गाडी चालवायची फी घेणं बंद करावं. 2022 मध्ये नूतनीकरणाचे 5,000 भरले. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारसाठी तीच फी 10,000 झाली, म्हणजे 2027 ला मला दहा हजार मोजायचेत. पैसे घेऊन, गाडी तपासून, शिक्का मारून तुम्हीच लिहून देता की ही गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे. मग तिला पचेल असं पेट्रोल पंपावर ठेवायची जबाबदारी कुणाची? जेवणाचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यापुढं ऊस ठेवायचा, असला हा प्रकार.

आणि हे मी माझ्या मनचं मागत नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात जुन्या गाड्यांसाठी ई-10 उपलब्ध ठेवावं असं म्हटलं होतं. ते कुठं गेलं? ई-20 आलं, ई-10 गायब झालं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टानं 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. सरकारच्या बाजूनं तिथं ऊस शेतकऱ्याच्या भल्याचा दाखला दिला गेला.

इथं जरा थांबा, कारण हा दाखला आपल्या नावानं दिलाय. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आपला ऊस उभा राहतो आणि तीर्थपुरी, अंकुशनगरकडं जातो. इथेनॉल बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, कारखान्याकडं पैसा आला तरच आपलं बिल निघतं. पण डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशात निर्बंध आणले, तेव्हा शेतकऱ्याचं भलं कुठं होतं? आणि ऊस घालणारा तोच, गचके खाणारी दुचाकी चालवणाराही तोच. एका खिशात टाकलेलं दुसऱ्या खिशातून काढायचं आणि वर उपकार सांगायचे, हे चालणार नाही.

म्हणून मागण्या तीनच.

1. प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर ई-10 चा एक नोझल.
2. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के, ते मशीनवर मोठ्या अक्षरात आणि पावतीवर.
3. पावसाळ्यात पंपाच्या टाकीतल्या पाण्याची तपासणी गिऱ्हाइकासमोर.

आणि तोवर आपलं काम आपण करायचं. गाडी उचल घेत नसेल तर पाकीट उघडायच्या आधी हे बघा. इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही? क्लच प्लेट घसरतेय. थोडं चालवून चाकाजवळ हात न्या, एकच चाक तापलंय? ब्रेक चिकटलाय. मग एअर फिल्टर, आपल्या धुळीत तो कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो. मग प्लग. मग पेट्रोलचा फिल्टर आणि प्रेशर. हे सगळं ठीक असेल तर सायलेन्सर तुंबलाय का आणि कॉम्प्रेशन किती, ते बघायला सांगा. मीटर न लावता पार्ट बदलणाऱ्याला हात जोडा. आणि ती जादूची बाटली घेऊच नका.

त्या रात्री टेम्पो अजून थोडा वेगात असता, तर ही पोस्ट दुसऱ्या कुणीतरी लिहिली असती, फोटोसकट. तेव्हा विनोद बाजूला ठेवून कमेंटमध्ये लिहा: गाडी कोणती, साल कोणतं, मायलेज आधी किती, आता किती, आणि मिस्तरीला नेमकं काय सापडलं. पन्नास जणांची खरी माहिती जमली की ती घेऊन मी घनसावंगी तहसीलला निवेदन देतो. सोबत कोण येतंय तेही लिहा.